चौथी आले त्याची कारणं

८ ऑक्टोबर

खोडाळ्याच्या नाक्यावर माझा बॅनर लागलाय! मागे तिरंगा, पुढे मी, खाली हे एवढ्या अक्षरात 'सुवर्णकन्या प्रगती तुळशीदास झुगरे हिचे हार्दिक अभिनंदन'. बँकॉकच्या आशियाई शर्यतीच्या आधीच छापून ठेवला होता म्हणे, निकाल लागला की लगेच टांगायला. निकाल लागला — मी चौथी. आता एवढा बॅनर फुकट कसा घालवायचा? 'सुवर्ण'वर पांढरा कागद डकवला आणि दिला लावून. उन्हानं कागदाचा कोपरा सुटलाय. त्याच्याखालून 'सु' तेवढा डोकावतो.

बाबा बॅनरखालीच उभा होता. माझी पिशवी घेतली आणि जीपकडे चालायला लागला. पाड्यापर्यंत एक शब्द नाही. बाजारात बसून यानं महिनाभर सगळ्यांना सांगितलं होतं की पोर बँकॉकहून सोनं आणते. आता त्या बाजारातून माझी पिशवी घेऊन जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, ते मला चालण्यावरून कळत होतं.

जीपवाला मात्र बोलला. म्हणाला, ताई, पाण्याच्या खड्ड्यानं घात केला. मी म्हटलं, नाही हो, खड्डा मी चांगला मारला. तो म्हणाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावून घेतलंच नव्हतं!

आमच्या कोच सरांनी सांगितलंय, कॅम्प नसला तरी रोज लिहायचं — सकाळची नाडी, झोप, खाणं. तर नाडी ठीक. झोप बसमध्ये. खाणं — नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी, सकू वहिनीच्या हातची. आई गेल्यापासून घर वहिनीच्याच अंगावर आहे, भावेशदादा भिवंडीच्या गोदामात. वाढताना वहिनीनं हळूच विचारलं, पोहे गोड लागले ना गं? मी म्हटलं, हो, सगळ्या पोरींनी खाल्ले.

ते पोह्यांचं नंतर लिहीन.

९ ऑक्टोबर

नाडी ठीक. झोप नाही — सकाळपासून माणसं.

पाड्यानं शर्यत पांड्याच्या दुकानात मोबाईलवर पाहिली. तेव्हापासून सगळ्यांना एकच कोडं पडलंय. एवढं चांगलं सपाट मैदान, त्यात आडवी लाकडं कोणी टाकली? आणि खड्डा करून पाणी कोणी भरलं? मी सांगितलं, त्या शर्यतीचं नावच स्टीपलचेस, अडथळे असणारच. पांड्या म्हणाला, मग बाकीच्यांना रस्ता कसा सापडला? अडथळे सगळ्यांना सारखेच असतात, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, तू साधी हायस पोरी, तुला काय कळणार त्यांचं राजकारण.

शेजारची बायडी आजी म्हणाली, बुटानं झालं. बुटात पाणी गेलं की पाय जड. कुणी म्हणालं, पंच त्यांचे. कुणी म्हणालं, हवा त्यांची. पांड्याच्या बायकोनं सांगितलं की माझा छातीवरचा नंबर चुकीचा होता, सातानं आमच्यात कुणाचं भलं झालेलं नाही.

संध्याकाळी टीव्ही. चार माणसं चार चौकोनात बसून माझ्याबद्दल भांडत होती. एक म्हणे आहार. एक म्हणे विमानाचा प्रवास. एक साहेब, टाय लावलेले, म्हणाले, या डोंगराळ भागातल्या मुलींना मोठ्या मैदानाचं दडपण येतं. मला? अहो, मला दडपण फक्त इंग्रजीत मुलाखत द्यायचं येतं! शेवटी बाई म्हणाल्या, 'पदकानं हुलकावणी दिली, पण प्रगतीनं मनं जिंकली.' पदक हुलकावणी देतं म्हणजे ते पण पळत होतं की काय? मग पहिलं तेच आलं असणार. आणि जिंकलेली मनं टांगायची कुठं, आमच्या कुडाच्या भिंतीला खिळासुद्धा बसत नाही.

बाबा सगळं ऐकत होता. प्रत्येक कारणाला मान हलवत होता, एकमेकांना न जुळणाऱ्या कारणांनासुद्धा.

१० ऑक्टोबर

नाडी चढलेली. बातम्या बघायच्या नाहीत.

११ ऑक्टोबर

कुणी विचारत नाही म्हणून इथं लिहून ठेवते. शर्यत कशी झाली ते.

मस्त झाली! सुरुवातीपासून पाय हलके. पहिल्या फेऱ्या मी मधे मधे राहिले, सरांनी सांगितलं तशी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लाकडं एकदाही चुकली नाहीत. शेवटच्या फेरीच्या घंटेला मी तिघींच्या मागे होते आणि मला वाटलं, आता! होतं नव्हतं ते सगळं काढलं. छातीत निखारे. तिसरीच्या अगदी पाठीशी गेले. ती पण काढत होती. पहिली होती ती उंच, लाल रिबीनवाली. ती तर खोडाळ्याची एस्टी आपल्या थांब्यावर न थांबता जाते तशी गेली. मग रेघ. मग मी जमिनीवर आडवी.

सर धावत आले. बोर्ड दाखवला. माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ! सर हसत होते. म्हणाले, तुझ्यात होतं तेवढं सगळं आज बाहेर आलं. त्या तिघी तुझ्यापेक्षा जोरात पळाल्या, एवढंच. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि कॅमेऱ्यानं नेमकं तेच दाखवलं. खाली लिहिलं — 'अश्रू अनावर'.

लाल रिबीनवालीनं मला हात देऊन उठवलं. पाठीवर थोपटलं. मग पहिल्या तिघींना तपासणीला घेऊन गेले, बाटलीत लघवी द्यायला. चौथीची लघवीसुद्धा कुणाला नको!

तर कारण हे आहे. त्या तिघी माझ्यापेक्षा जोरात पळाल्या. एवढं साधं वाक्य पाड्यात कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

१३ ऑक्टोबर

जव्हारहून नितीन आला. त्याचं मोबाईलवरचं चॅनल आहे, 'डोंगरदरी न्यूज'. तो, त्याची मोटरसायकल आणि एक माईक, झालं चॅनल. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

आधी म्हणाला, ताई, बूट काढा. का तर संघर्ष दिसला पाहिजे. नागलीच्या वावरातून अनवाणी पळवलं. मग ओहळातून. मग डोक्यावर हंडा देऊन. मी म्हटलं, आमच्या दारात नळ आलाय. तो म्हणाला, नळ फ्रेमच्या बाहेर ठेवू.

मग माईक पुढे केला. 'पदक हुकण्याचं कारण काय?' मी सांगितलं — त्या तिघी माझ्यापेक्षा जोरात पळाल्या. त्यानं मोबाईल बंद केला. म्हणाला, ताई, हे नाही चालत. जोरात पळाल्या ही बातमी नाही. लोक कारण बघायला येतात. काहीतरी आठवा. बूट? जेवण? कोणी नडलं का? मी म्हटलं, नाही. पुन्हा मोबाईल चालू, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. पाचव्या खेपेला त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच त्याची कीव यायला लागली.

तेवढ्यात मागून बायडी आजी बोलली. तिला वाटलं, माईक सगळ्यांसाठी आहे. 'कारण कसं नाय? सकूनं नव्या भाताचे पोहे बांधून दिले ना पोरीला. आमचं नवं व्हायच्या आधी.'

नितीनचा चेहरा असा उजळला!

आता इथं लिहिते. नवं भात घरात आलं की आधी देवाला आणि पितरांना दाखवायचं, मग तोंडात घालायचं. तोवर नव्याचा दाणा कुणी खात नाही. यंदा रघु भगत आजारी होता म्हणून पाड्याचं नवं लांबलं. आणि मी निघायची वेळ आली. वहिनीनं वरच्या वावरातलं लवकर पिकणारं हळवं भात पहाटे भाजून, उखळात कांडून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिलं. परदेशात पोरीच्या पोटाला आपलं काहीतरी हवं म्हणून. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

१४ ऑक्टोबर

व्हिडिओ आला. 'नव्या भातानं हुकवलं पदक?' मी नितीनला फोन करून झापलं. तो म्हणाला, ताई, शेवटी प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे आपण काही म्हटलेलंच नाही. एका दिवसात मोखाड्यापासून जव्हारपर्यंत सगळ्यांनी बघितला. खाली लोकांच्या प्रतिक्रियांची रांग. निम्मे म्हणतात अंधश्रद्धा, निम्मे म्हणतात रूढी मोडली की असंच होणार. दोन्हीकडच्यांना कारण मात्र मिळालं.

आणि आता बूट गेले, पंच गेले, पाण्याचा खड्डा पण बुजला! सगळ्यांचं एकमत. सकूनं केलं. माहेर साखरशेतचं ना, त्यांच्याकडे असंच.

संध्याकाळी बाबाला घेऊन माणसं रघु भगताकडे गेली. मीही गेले. त्यानं सुपात दाणे टाकले, दोन दोन करून बाजूला सारले, पुटपुटला, पुन्हा टाकले. मग म्हणाला, नवं बाटलं. ज्या हातानं बाटलं त्या हातानं फेडायचं. वाघबारशीला वाघदेवापुढं सकूच्या माहेरचा कोंबडा, आणि तिनं पाड्यासमोर चूक कबूल करायची.

मी म्हटलं, दाण्यांनी माझी वेळ सांगितली का? आजवरची सगळ्यात चांगली होती. रघुनं माझ्याकडे प्रेमानं बघितलं. म्हणाला, पोरी, नवं बाटलं नसतं तर आणखी चांगली असती. या माणसाला हरवणं अवघड आहे.

घरी येताना बाबाची पाठ ताठ होती, कितीतरी दिवसांनी. त्याला कारण मिळालं होतं. बाजारात जायला तोंड मिळालं होतं. मला त्याचा राग आला आणि मग वाईटही वाटलं.

१५ ऑक्टोबर

नाडी बघितली नाही.

वहिनी म्हणजे तोंडानं फटाकडी. दुकानातला पांड्यासुद्धा तिला घाबरून नीट मोजून देतो. ती आज दिवसभर गप्प. भाकरी थापताना गप्प, गुरांना पाणी दाखवताना गप्प. दुपारी पाहिलं तर कपडे पिशवीत भरत होती.

म्हणाली, भावानं कोंबडा पाठवलाय. तो देते. पण चूक कबूल करायची नाही. 'मी पोरीला खायाला बांधून दिलं. त्याची चूक मी म्हणणार नाय. वाघबारस झाली का मी साखरशेतला जाते. दिवाळी तिकडंच.'

मी विचारलं, परत कधी येशील? ती म्हणाली, तू पुढच्या वेळी कितवी येतेस त्यावर.

हे हसण्यासारखं बोलली, पण हसली नाही. मला कळेना काय करावं. ही गेली तर घरात मी आणि बाबा आणि बाबाचं कारण. आणि दादा दिवाळीला आला की त्याला काय सांगायचं, तुझी बायको माझ्या चौथ्या नंबरामुळं गेली?

१६ ऑक्टोबर

वहिनीला खरं सांगितलं.

ते पोहे मी खाल्लेच नाहीत! बँकॉकच्या विमानतळावर गणवेशातल्या माणसानं पिशवी उघडली, फडकं सोडलं, वास घेतला, काहीतरी बोलला आणि पोहे ठेवून घेतले. मी हातवारे करून सांगितलं, वहिनी, उखळ, पहाट. त्याला काय समजणार. फडकं तेवढं परत दिलं. वहिनीनं एवढ्या मायेनं कांडलेले, म्हणून घरी येऊन सांगवेना. गोड लागले म्हणून ठोकून दिलं.

मला वाटलं, आता चिडेल. ती फडक्याची घडी घालत म्हणाली, 'पोलिसानं ठेवले? मग नारळ किसून घालायचा म्हणून तरी सांगायचंस त्याला.' आणि हसायला लागली. मीही. बाबा बाहेरून विचारत होता काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना.

म्हणजे बाटलंच नाही काही! उद्या सगळ्यांपुढं सांगणार. आता कुठला दाणा आडवा येतो बघू.

१७ ऑक्टोबर — वाघबारस

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज.

शिवेवरच्या वाघदेवापुढं सगळा पाडा जमला. शेंदूर लावला, नारळ ठेवला. कोंबडा पायाला दोरी बांधून उभा, त्याला यातलं काही ठाऊक नाही. नितीन पण आलेला, माईक घेऊन. रघु भगत म्हणाला, सकू, पुढं ये.

मीच पुढं गेले. सांगितलं, मी नवं खाल्लंच नाही. विमानतळावर काढून घेतलं. म्हणजे नवं बाटलं नाही, वहिनीची चूक नाही, आणि मी चौथी आले त्याच्याशी भाताचा संबंध नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकले!

रघुनं डोळे मिटले. उघडले. म्हणाला, 'मग हेच ना. पोरीच्या पोटात आपलं नवं गेलंच नाय, ताकद कुठून येणार? आणि नवं खाल्लं कोणी? तिकडच्यानं. पहिली कोण आली? तिकडचीच.'

मी म्हटलं, अहो, पहिली आली ती त्या देशाची नव्हतीच, भलत्याच देशाची होती. तो म्हणाला, आपल्याला इथून सगळं तिकडंच. माना डोलल्या. बायडी आजी म्हणाली, तरी मी म्हणत होते, सकूनं नीट लपवून का नाय दिलं. म्हणजे फिरून पुन्हा सकू! मी अक्षरशः डोक्याला हात लावला. वहिनीनं पिशवी घरातून आणून वाघदेवाच्या बाजूलाच ठेवलेली, ती उचलली.

तेवढ्यात पोरांनी ओरडा केला, वाघ पळवायचा! पूजा झाली की आमच्यात हे असतं. एक जण वाघ होतो. बाकीचे विचारतात, आमच्या शिवारात येशील का? तो म्हणतो, येईन. मग त्याला पळवत पळवत ओहळापार घालवायचं, तिथं त्यानं म्हणायचं, नाही येणार. आमच्याकडे वाघ म्हणजे माझा बाबा. गुरं राखायचा तेव्हापासून तोच. आजवर ओहळाच्या अलीकडे त्याला कुणी हात लावलेला नाही. तो आपण होऊन पलीकडे जातो आणि उपकार केल्यासारखा म्हणतो, बरं, नाही येणार.

रघु म्हणाला, यंदा वाघाला चिमी पळवू दे — पाड्यात मला चिमीच म्हणतात. म्हणजे पाय चांगले आहेत हे सगळ्यांना दिसेल, दोष भातातच होता हे पटेल. म्हणजे यातही कारण!

मी बूट घातले. बाबानं धोतर खोचलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, हा सोडणार नाही. मी पण ठरवलं, सोडायचं नाही.

काय पळाला! कापलेल्या वावरातून, बांधावरून, तुटलेल्या कुंपणावरून. त्याला प्रत्येक बांध पाठ. मी मोकळ्या जागी जवळ जायची, बांध आला की तो पुन्हा पुढं. दोनदा वाटलं, गेला. तिसऱ्या बांधाला मी पाय न टेकवता वरून गेले आणि मग उशिरानं डोक्यात आलं — बांध, कुंपण, पाणी. ही तर माझीच शर्यत! ओहळाच्या काठावर तो उडी घ्यायला वाकला आणि मी त्याचा खांदा धरला. दोघंही पाण्यात.

वर सगळे धावत आले. आणि सुरू! पांड्या म्हणाला, तुळशीदासची चप्पल तुटली. बायडी आजी म्हणाली, सकाळी भाकर जास्त झाली. रघु म्हणाला, गेल्या साली गुडघा दुखावला होता, त्या गुडघ्यानं दगा दिला. नितीन माईक घेऊन पाण्यात उतरला आणि विचारलं, तुळशीदास काका, वाघ हरण्याचं कारण काय?

बाबा गुडघाभर पाण्यात उभा, धापा टाकत. माणसं एकेक कारण त्याच्या हातात देत होती आणि तो एकेक ऐकत होता. मग म्हणाला —

'गप ऱ्हावा रं. चप्पल बेस हाय, गुडघा बेस हाय. मी जिवाच्या ताकदीनं पळलो. पोर माझ्यापेक्षा जोरात पळाली. त्यात कारण कसाला पायजे?'

बोलला आणि थांबला. आपलंच बोलणं कानावर आल्यासारखा. माझ्याकडे वळला. हळू विचारलं, 'तिकडंबी असंच झालं?'

मी म्हटलं, हां बाबा, असंच झालं.

'तू जिवाच्या ताकदीनं पळलीस?'

'हां.'

'मग बेस झाला.'

एवढंच. पण बँकॉकला रेघेवर पडले तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते. बरं झालं, दोघंही भिजलेलो होतो.

मग तो काठावर आला आणि वहिनीच्या हातातली पिशवी घेतली. म्हणाला, सकू, कोंबडा शिजव. रघुनं विचारलं, दंडाचा ना? बाबा म्हणाला, दंड नाय, जेवण. रघुनं जरा विचार केला. मग म्हणाला, देवाला चालेल. भूक त्यालाही लागली होती.

नितीन मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, हे काकांचं बोलणं छान आलं, पण शीर्षक काय देऊ? मी म्हटलं, 'पोर जोरात पळाली'. तो म्हणाला, शेवटी प्रश्नचिन्ह टाकू का?

१८ ऑक्टोबर

नाडी मस्त. झोप मस्त. वहिनीची पिशवी खुंटीला, रिकामी.

२२ ऑक्टोबर

दादा आला. दिवाळी झाली. वहिनीनं त्याला सगळी गोष्ट सांगितली, त्यात स्वतःला जरा मोठं करून. दादा म्हणाला, त्या विमानतळवाल्याला पोहे आवडले असतील का?

आज बाबाबरोबर खोडाळ्याच्या बाजारात गेले. सुक्या मासळीवाल्यानं विचारलं, काय तुळशीदास, पोरीचं काय झालं म्हणे, पाण्यात घसरली? बाबा पाटीतले बोंबील निवडत म्हणाला, 'घसरली नाय. चौथी आली. तिघी तिच्यापेक्षा जोरात पळाल्या. अख्ख्या आशियात तिघीच.' आणि बोंबील हुंगून बघितला.

परत येताना मला म्हणतो, तिघीच म्हटलं की बरं वाटतं ना ऐकायला? आता तो हे सगळ्यांना सांगतोय. चहाच्या टपरीवर, एस्टीत, न विचारणाऱ्याला पण. पांड्याला सुद्धा तिघींचं पाठ झालंय. रघु भगतसुद्धा काल म्हणाला, ती लाल रिबीनवाली खरंच चांगली पळाली, मी पुन्हा बघितलं मोबाईलवर.

नाक्यावर बाबा बॅनरखाली थांबला. वर हात करून तो सुटलेला कागद नीट बसवला, थुंकी लावून.

२७ ऑक्टोबर

सरांचा फोन आला. लाल रिबीनवाली औषध घेऊन पळाली होती. त्या बाटलीत सापडलं, तिनं कबूलही केलं. तिचं नाव निकालातून काढून टाकणार. मी तिसरी. पदक माझं. उद्या सकाळी बातमी येईल.

म्हणजे कारण होतं! अख्ख्या पाड्यात कारण नाही, कारण नाही म्हणून ओरडणारी मी एकटी.

खळ्यावर जाऊन वहिनीला सांगितलं. ती भात झोडत होती. पेंढी हातात तशीच धरून उभी राहिली. पलीकडे बाबा वाटेवरच्या कुणा अनोळखी माणसाला थांबवून तीन बोटं दाखवत होता.

वहिनीनं तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, 'आजच्या दिवस नको सांगू त्यांना. आता कुठं त्यांना तुझं हरणं बेस वाटाया लागलंय.'